बोटांनी की औषधानं

२४ नोव्हेंबर २०२४

अंजे,

जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. पवनराव उचलतात, पण मागून तुझा आवाज आला की लगेच "बरं आक्का, ठेवतो" म्हणतात. बायकोला भिणारा माणूस चांगलाच असतो, माझी तक्रार नाही. पण या वेळचं काम त्यांच्याकडून होणारं नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. बंकट ड्रायव्हर तुमच्या टोळीकडे ट्रक घेऊन येत-जात असतो, त्याच्या हाती देते. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

आधी सुमीचं सांगते. वसतिगृहात ती चांगली रुळली आहे. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या पोरी सगळ्या, त्यामुळे कुणी कुणाला रडून दाखवत नाही. मी इथं स्वयंपाकाला असल्यामुळे तिला वाटतं की स्वयंपाकघर आपल्या मालकीचं आहे. काल तव्यावरची भाकरी उचलून पळाली. अभ्यासात बरी आहे, गणितात तुझ्यावर गेली आहे, म्हणजे बोंब आहे.

केस कमरेच्या खाली आलेत, आणि उवांनीही तिथं बस्तान बसवलंय. एकट्या तिच्या नाही, सगळ्याच पोरींच्या डोक्यात आहेत. एका सतरंजीवर तिघी-चौघी झोपल्यावर दुसरं काय होणार? माझंही डोकं खाजतंय. सुमीनं खाजवून खाजवून मानेवर फोड केला आहे.

आता कामाचं. शहरातल्या मेडिकल कॉलेजातून एक डॉक्टर आल्या होत्या, फरजाना मॅडम. त्यांना उवांची दोन औषधं तपासून बघायची आहेत. एक जुनं, एक नवं. कोणतं जास्त चालतं आणि कुणाला त्रास होतो का, हे बघणार. त्यासाठी आईची किंवा बापाची सही लागते. पवनरावांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "तिला इचारा, पोरीच्या डोक्याचं मी बोलणार न्हाई." कागद सोबत ठेवला आहे. सही करून पाठव.

गेल्या वर्षी फडाजवळ तुमच्या पाचटाच्या कोपीवर जे झालं ते मी उकरून काढत नाही. ते कापसावर फवारायचं औषध होतं, हे माणसासाठी केलेलं आहे. एवढंच सांगते. आमच्या अधीक्षिका मॅडम म्हणतात, ज्या पोरीच्या डोक्यातून उवा जाणार नाहीत तिचे केस शाळेच्या मुलांसारखे कापू. सुमीनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून ती वेणी फ्रॉकच्या आत घालून फिरते आहे. सही करून पाठव.

तुझी
आक्का

१२ डिसेंबर २०२४

अंजे,

जयभीम.

कागद मिळाला. सहीच्या जागी तू एवढं मोठं "न्हाई" लिहिलं आहेस की बंकटनंसुद्धा विचारलं, भांडण हाय का. मी म्हटलं, आमच्यात बोलायची रीतच अशी आहे. पत्र मात्र परत आलं नाही, म्हणजे फाडलंस किंवा ठेवलंस. ठेवलंस असं धरून चालते.

मला राग आला, ते लपवत नाही. चुलीपुढं बसून तासभर तुला शिव्या घातल्या. साखराबाई, माझ्यासोबतची स्वयंपाकीण, म्हणाली, "बाई, भाकरी करपायली." करपलीच.

तपासणी सुरू झाली. तुझी पोरगी पायरीवर बसून बघत होती, कारण तिची सही नाही. सगळ्या पोरी ओळीनं बसल्या. फरजाना मॅडमनी दाट दातांच्या फणीनं एकेकीचं डोकं विंचरून, पांढऱ्या कागदावर झटकून, उवा मोजल्या. मग बाटल्या काढल्या. बाटलीवर औषधाचं नाव नाही, नुसती टिकली लावलेली, हिरवी किंवा लाल. हिरव्यात कोणतं आणि लाल टिकलीत कोणतं हे खुद्द मॅडमनाही माहीत नाही! मी विचारलं, "मॅडम, तुमालाच ठाव न्हाई, मंग कसं जमायचं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मला माहीत असलं तर ज्या औषधावर माझा जीव आहे, ते लावलेल्या पोरीच्या डोक्यात मला उवा कमीच दिसतील, ताई." मला ते पटलं. आपल्या पोरीचं नाक आईला सरळच दिसतं, तसं काहीसं असणार.

प्रत्येक पोरगी एकच विचारत होती, "जळतं का?" मॅडम प्रत्येकीला खरं सांगत होत्या. डोळ्यात गेलं तर चुरचुरतं, म्हणून डोळ्यावर फडकं धरायचं. काहीही वाटलं की लगेच सांगायचं, लाजायचं नाही. एकीनं सांगितलं तर लगेच धुऊन टाकलं, आणि मॅडम संध्याकाळपर्यंत तिच्यापाशी बसून राहिल्या.

एक नियम मात्र जाचक आहे. दुसऱ्या मोजणीपर्यंत कुणी कुणाच्या उवा काढायच्या नाहीत, फणी घालायची नाही. नाहीतर उवा औषधानं गेल्या की बोटांनी, ते कळणार कसं? पोरींना हे फार जड जातंय. दुपारची शाळा सुटली की एकीच्या मांडीवर दुसरीचं डोकं, तिच्या मांडीवर तिसरीचं, अशी आगगाडी आपण लहानपणी करायचो तशी यांची रोज असते. आता नुसत्याच बसतात आणि भांडतात.

सुमीला नियम नाही. तिचं डोकं मी बघते. तेवढ्यानं पुरत नाही, आज काढल्या की उद्या शेजारणीच्या येतात. आज उवा काढताना तिनं विचारलं, "मावशी, आई माझ्यावर रुसली का?" मी म्हटलं, तुझ्यावर नाही. पुढचं विचारलं नाही तिनं. हुशार आहे.

तुझी
आक्का

२९ डिसेंबर २०२४

अंजे,

जयभीम.

तुझं उत्तर नाही, तरी हे लिहिते, कारण असलं हसायचं दुसऱ्या कुणाला सांगून मजा नाही.

परवा दुसरी मोजणी होती. फरजाना मॅडमनी पहिलं डोकं विंचरलं, साफ. दुसरं साफ. हिरव्या टिकलीचं साफ आणि लाल टिकलीचंही साफ. आमच्या अधीक्षिका मॅडम टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. फरजाना मॅडमचं तोंड मात्र उतरत चाललं. एका पोरीचा केस उजेडात धरून म्हणाल्या, "लिखा कुठे गेल्या?" ऊ औषधानं मरते, पण केसाला चिकटलेली लीख तशीच राहते, ती नखानं ओढल्याशिवाय सुटत नाही. हे तुला-मला सांगायला नको.

तेवढ्यात रतनबाई फाटकातून आत आल्या. त्यांना तू ओळखतेस, मेंढरं राखणाऱ्या, धर्मापुरीच्या वाटेवर ज्यांचा मेंढरं कोंडायचा वाडगा असतो. त्यांची नात इथं असते. कमरेवर हात ठेवून डॉक्टरांना म्हणाल्या, "कसं हाय? येक तरी ऊ घावली का? आमी समद्या आज्यांनी रैवारी येऊन पोरी साफ केल्या. डॉक्टरीण यायची म्हनल्यावर तशाच दावायच्या व्हय? आमी काय घाण मानसं हाव का?"

कळलं का? पाहुणे यायचे म्हणून आपण घर सारवतो, तशी यांनी मोजणीच्या आदल्या रविवारी डोकी सारवली! गावातल्या जेवढ्या आज्या मागं राहिल्यात तेवढ्या आल्या होत्या. लिंबाखाली बसून दिवसभर उवा काढल्या, लिखा ओढल्या, तेल लावून घट्ट वेण्या घातल्या. आणि मी शहाणी, त्यांना चहा करून देत होते. नियम पोरींना सांगितला होता, आम्हाला सांगितला होता, आज्यांना कुणी सांगितलाच नव्हता. मला वाटलं, म्हाताऱ्या माया करतायत, करू द्या.

फरजाना मॅडम पायरीवर बसून राहिल्या. मला वाटलं आता चिडतील. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, पण मग हसूच फुटलं. रतनबाईंना जवळ बसवून म्हणाल्या, "आजी, तुमच्यापेक्षा चांगलं औषध माझ्या बाटलीत नाही. पण तुम्हाला रोज कुठं यायला जमतंय?" रतनबाई म्हणाल्या, "मेंढरं कोन बघंल?" मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच बाटली पाहिजे."

सगळी मेहनत वाया गेली. खोटंच लिहायचं असतं तर दोन्ही औषधं एकदम झकास म्हणून मोकळ्या झाल्या असत्या, कुणाला कळलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही. डोकी पुन्हा भरली की पहिल्यापासून सुरू करणार आहेत. माझा त्या बाईवर विश्वास बसला, अंजे. तूही ठेव. कागद पुन्हा पाठवते आहे. सुमीच्या मानेवरचा फोड वाहायला लागला आहे. फरजाना मॅडमनी त्याला मलम दिलं आहे, डोक्याला काही लावलेलं नाही. तुझ्या "न्हाई"चा मान ठेवला आहे.

तुझी
आक्का

२६ जानेवारी २०२५

अंजे,

जयभीम.

झेंडावंदन झालं, पोरींना जिलबी मिळाली, सुमीनं कविता म्हटली आणि मधेच विसरली. पुढच्या ओळी स्वतःच्या मनानं घातल्या, पण थांबली नाही.

तपासणी नव्यानं सुरू झाली. या वेळी आज्यांची वेगळी बैठक घेतली. रतनबाई आता नियमाच्या रखवालदार झाल्या आहेत, कुणाचं बोट कुणाच्या केसात दिसलं की लांबूनच ओरडतात.

तुझं उत्तर आलं नाही. बंकट सांगतो, वहिनीनं पत्र घेतलं, पदरात बांधलं आणि फडात निघून गेल्या. ते पदरात बांधलेलं कधीतरी सोड.

मग मी विचार केला, अंजी माझ्या बोलण्यावर जाणार नाही, ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणारी नाही. म्हणून मी फरजाना मॅडमना म्हटलं, मला लावा. माझ्या डोक्यात उवा होत्याच. त्या म्हणाल्या, "लावते, पण तुम्ही मोजणीत धरणार नाही, आणि यावरून काही ठरतही नाही." मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा. मोजणीबाहेरची, नाव लिहिलेली नव्या औषधाची बाटली मागवून लावली. तेलासारखं आहे, चिकट, वास नाही; टिकलीच्या बाटल्यांत ओळखू येऊ नये म्हणून जुनंही तसंच केलंय. विष नाही म्हणतात, ऊ त्यात बुडून गुदमरते. फक्त विस्तवापासून लांब राहायचं, पेट घेऊ शकतं. आता स्वयंपाकीण विस्तवापासून लांब म्हणजे कामच बंद! दिवसभर मी राणीसारखी ओट्यावर बसले आणि साखराबाईनं एकटीनं भात रांधला. पोरी अजून त्या भाताची थट्टा करतात.

मला काही झालं नाही, अंजे. चक्कर नाही, मळमळ नाही, डोळे लाल नाहीत. रात्री गाढ झोपले, सकाळी धुतलं. उवा मेल्या. माझ्या डोक्यावर मी करून बघितलं, यापेक्षा अजून काय पाहिजे तुला? आई काय आणि मावशी काय, पोरीला आधी आपल्यावर बघूनच लावते ना? आता तरी सही कर. अधीक्षिका मॅडमनी कात्री कुणाची आणायची तेसुद्धा ठरवलं आहे.

तुझी
आक्का

१३ फेब्रुवारी २०२५

अंजे,

तुझी चिठ्ठी मिळाली. बंकटनं दिली तेव्हा मी पीठ मळत होते. तशाच हातांनी उघडली, तिला पीठ लागलं आहे.

"आक्का, मी बी आधी माझ्याच डोक्याला लावलतं. येक रात अन् येक दीस थांबले. मला काई झालं न्हाई. मंग सुमीला लावलं. दवाखान्यात तू समद्यांम्होरं म्हनलीस, आई हायस का वैरीण. मी काय केलतं ते तू इचारलंच न्हाई. आता तू तुझ्या डोक्याला लावलं म्हनून मी सही करू व्हय?"

पुन्हा पुन्हा वाचली. तोंडपाठ झाली आहे.

मी हे विचारलं नव्हतं. पोरगी कॉटवर, तोंडाला फेस, नळ्या लावलेल्या, आणि मी आल्या आल्या तुझ्या अंगावर गेले. तू भिंतीला टेकून बसली होतीस, डोक्याला पदर बांधलेला. तो का बांधला होता हे मला आज कळतंय. तुझ्या केसांनाही त्या औषधाचा वास येत असणार. मी जवळ आले असते तर मला तो आला असता.

ती चिठ्ठी घेऊन मी फरजाना मॅडमकडे गेले. रागावू नकोस, त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं जिवावर उदार होऊन तपासणी केली. फक्त ती एका डोक्याची झाली." मोठ्या बाईचं अंग मोठं, पोरीचं केवढंसं. तुझी कातडी धड, तिचं डोकं खाजवून सोललेलं, तिथून ते आत गेलं. म्हणून जे तुला बाधलं नाही असं वाटलं ते तिला बाधलं. आणि म्हणाल्या, तुलाही आतून बाधलं असेल, कुणी बघितलं नाही. तुला कोण बघणार होतं? सगळे तुला शिव्या देण्यात गुंतलो होतो, त्यात मी पहिली.

मी त्यांना विचारलं, मग मी माझ्या डोक्यावर करून बघितलं ते? त्या म्हणाल्या, "तुम्हाला आधीच सांगितलं होतं ताई, त्यानं काही ठरत नाही. म्हणूनच तर एवढ्या पोरींची डोकी मोजायची." तू केलंस तेच मी केलं, आणि तुला शहाणपण शिकवायला निघाले. फरक एवढाच की माझ्या शेजारी डॉक्टर बसली होती आणि तुझ्या शेजारी उसाचा फड होता.

अंजे, तो शब्द मी परत घेते. तू आईच आहेस. माझ्यापेक्षा धीराची आहेस.

सही नको. कागद पाठवत नाही. अधीक्षिका मॅडमना आज सांगून आले, सुमीच्या केसाला कात्री लागणार नाही. तिची आई येईपर्यंत तिचं डोकं रोज मी बघेन, एक ऊ दुसऱ्या पोरीकडे गेली तर माझं काम गेलं म्हणून समजा. मॅडम म्हणाल्या, "राजश्रीबाई, लई बोलता तुम्ही." मी म्हटलं, घरचंच वळण आहे.

तुझी
आक्का

९ मार्च २०२५

अंजे,

जयभीम.

मोजणी झाली, टिकल्या उघडल्या. जे आहे ते सगळं सांगते, चांगलं तेवढंच नाही.

जुनं औषध लावलेल्या निम्म्याहून जास्त पोरींच्या डोक्यात उवा तशाच जिवंत आहेत. मॅडम म्हणतात, वर्षानुवर्षं तेच लावून उवा त्याला सरावल्या. नव्या औषधाच्या बहुतेक पोरी साफ निघाल्या. काहींना पुन्हा लावावं लागलं, कारण लिखांतून पिल्लं निघतात. दोघींच्या मानेवर लाली आली होती, ती गेली. एकीच्या डोळ्यात गेलं, फार रडली, धुतल्यावर थांबली. चक्कर, उलटी कुणालाही नाही. सुमीसारखी डोकं सोललेली पोरगी होती का, ते मी मुद्दाम विचारलं. मॅडमनी अशा पोरी आधी मलम लावून बऱ्या केल्या आणि मगच औषध लावलं. सुमीचा फोड आता पूर्ण भरला आहे.

मॅडम हेही म्हणाल्या की ही एका वसतिगृहाची गोष्ट झाली, अजून बऱ्याच ठिकाणी बघावं लागेल. मला आता त्या असं म्हणाल्या की जास्तच विश्वास वाटतो.

हे सगळं तुला पटवायला लिहिलं नाही. गेल्या वर्षी तुला हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून लिहिलं. करायचं काय ते तू ठरव.

एक गंमत झाली आहे. पोरींची डोकी साफ झाली, तरी दुपारी पुन्हा आगगाडी लागते. काल रतनबाईंची नात त्यांच्या मांडीवर पडून म्हणाली, "आज्जे, बघ की." रतनबाई म्हणाल्या, "काय बघू? काईच न्हाई." "तरी बघ." आणि म्हातारी तासभर बघत बसली.

तुझी
आक्का

२३ मार्च २०२५

अंजे,

जयभीम.

मी न मागता तू कोऱ्या कागदावर सही करून पाठवलीस, आणि वर लिहिलंस, "मी आल्यावर. माझ्या हातानं. मॅडमला म्होरं बसव." मॅडमना सांगितलं आहे. त्या येणार आहेत. अधीक्षिका मॅडमनाही कागद दाखवला, मुद्दाम.

कारखाना बंद झाला असं बंकट म्हणतो. हे पत्र तो तुम्हाला आणायला निघाला आहे त्याच ट्रकमधून येतंय, म्हणजे वाचशील तेव्हा तुझी भांडीकुंडी गाडीत चढत असतील. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलात की फोन कर. माझा नंबर तोच आहे, तू काढून टाकला असशील तर पवनरावांना पाठ आहे. मी तेव्हा पीठ मळायला घेते, पोचेपर्यंत गरम भाकरी होईल.

बाटली आणून ठेवली आहे, कुलपात. कोपीवर राहून तुझ्याही डोक्यात भरल्या असतील, म्हणून मॅडमनी दोन दिल्या. आधी तुझं डोकं, मग पोरीचं, असं मी सुमीला सांगितलं. ती म्हणाली, "नगं. आई आल्या आल्या औषध लावू नगंस, मावशी. दोन दीस थांब."

मी विचारलं, "कावून गं?"

म्हणाली, "आदी मी आईच्या उवा बघणारंय."

पहिला नंबर तिचा, अंजे. ती दमली की डोकं माझ्याकडे दे.

आक्का